क्रीडाग्रंथ आणि मराठी समीक्षेचे सोवळे

१

मराठी समीक्षेने ज्या ग्रंथांना आपल्या विचारकक्षेत प्रवेशच दिलेला नाही, त्यांत खेळांविषयीच्या पुस्तकांचा क्रमांक बराच वरचा लागेल. ही पुस्तके निघत नाहीत असे म्हणण्याची सोय नाही. ती निघतात, त्यांच्या आवृत्त्या होतात, आणि जिल्ह्याच्या ठिकाणच्या सार्वजनिक ग्रंथालयात तर ती हाताळून हाताळून जीर्ण होतात. बाळ ज. पंडित, वि. वि. करमरकर, शिरीष कणेकर, द्वारकानाथ संझगिरी यांच्या लेखनावर मराठी वाचकांच्या किमान तीन पिढ्या पोसल्या गेल्या. पुष्कळांच्या बाबतीत पाठ्यपुस्तकाबाहेरचे पहिले स्वेच्छावाचन म्हणजे हेच लेखन होते. असे असूनही वाङ्मयीन नियतकालिकांत नव्या क्रीडाग्रंथाचे साक्षेपी परीक्षण अपवादानेच आढळते. या ग्रंथांना वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत ‘पोच’ मिळते, क्वचित ‘परिचय’ मिळतो. ‘समीक्षा’ मात्र मिळत नाही. पोच, परिचय आणि समीक्षा ही आपल्या वाङ्मयव्यवहारातील चातुर्वर्ण्याचीच एक सौम्य आवृत्ती आहे, आणि कोणत्या पुस्तकाने कोठे बसावे हे ते पुस्तक उघडण्यापूर्वीच ठरलेले असते.

ही उपेक्षा अनवधानाने झालेली आहे असे मानणे समीक्षेला सोयीचे आहे. वस्तुतः तिचे मूळ मराठी समीक्षेच्या पायाभूत गृहीतकांत आहे, आणि तिची किंमत केवळ क्रीडाग्रंथांनी मोजलेली नाही. आत्मचरित्र, जात, राष्ट्रवाद, भाषाघडण यांविषयीची मराठी समीक्षेची स्वतःची मांडणीच त्यामुळे अपुरी राहिली आहे.

२

या अपुरेपणाचे पहिले उदाहरण वर्ध्यातच सापडते. वर्धा जिल्ह्याची वाङ्मयीन आणि वैचारिक ओळख सांगताना काही गोष्टी ठरल्याप्रमाणे सांगितल्या जातात : १९३६ पासूनचा सेवाग्रामचा निवास, त्याच वर्षी स्थापन झालेली राष्ट्रभाषा प्रचार समिती, १९३७ ची शिक्षण परिषद आणि तिच्यातून आलेली नयी तालीम, पवनारचे विनोबा, पु. शि. रेगे यांच्या अध्यक्षतेखालील १९६९ चे आणि नरेंद्र चपळगावकर यांच्या अध्यक्षतेखालील २०२३ चे साहित्य संमेलन. या यादीत डिसेंबर १९४० मधील एक घटना सहसा येत नाही. त्या महिन्यात मुंबईच्या हिंदू जिमखान्याचे शिष्टमंडळ गांधीजींचा सल्ला घेण्यासाठी वर्ध्याला आले होते. विषय होता मुंबईच्या पंचरंगी क्रिकेट सामन्यांचा. हिंदू, मुसलमान, पारशी, युरोपियन आणि ‘इतर’ अशा धर्माधिष्ठित संघांत होणाऱ्या या स्पर्धेत हिंदू संघाने उतरावे की नाही, हा प्रश्न होता.

पार्श्वभूमी वैयक्तिक सत्याग्रहाची होती. १७ ऑक्टोबर १९४० रोजी पवनारच्या विनोबांनी त्याचा आरंभ केला होता, आणि देशभर नेते तुरुंगात जात होते. गांधीजींनी आपल्या निवेदनात अशा काळातील करमणुकीबद्दल नापसंती दर्शवली. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. संस्थांच्या वा महाविद्यालयांच्या संघांतील सामने समजू शकतात, परंतु धर्मावर संघ पाडण्याचे प्रयोजन समजत नाही, असा त्यांचा आशय होता. जिमखान्याच्या सभासदांत मतदान झाले आणि हिंदू संघाने त्या वर्षी माघार घेतली. स्पर्धा मात्र पुन्हा सुरू झाली, आणि १९४६ पर्यंत चालून मगच बंद पडली.

ही घटना खेळाच्या इतिहासातली एक तळटीप म्हणून सोडून देता येत नाही. मैदान हा राष्ट्राच्या कल्पनेचा प्रयोग असतो की समूहांच्या स्पर्धेचे सुरक्षित रूप असते, प्रेक्षकाची निष्ठा कशातून घडते, ‘आपला संघ’ या उच्चारातील ‘आपण’ कोण, हे प्रश्न तेथे एका प्रत्यक्ष निर्णयाच्या रूपाने उभे राहिले होते. राष्ट्रवाद आणि कादंबरी, राष्ट्रवाद आणि रंगभूमी या विषयांवर प्रबंध लिहिणाऱ्या विद्यापीठीय अभ्यासाला त्या काळच्या मराठी वृत्तपत्रांतील क्रिकेटविषयक वादंग ही तितकीच महत्त्वाची संहिता आहे असे वाटले नाही. गांधीविचाराच्या अभ्यासकांनी नयी तालीम वाचली आणि क्रिकेटविषयक निवेदन ओलांडून पुढे गेले. साहित्याच्या अभ्यासकांनी दोन्ही गांधीविचाराच्या अभ्यासकांवर सोपवले. या विषयाची विस्तृत आणि साधार मांडणी अखेर रामचंद्र गुहा यांनी इंग्रजीत ‘अ कॉर्नर ऑफ अ फॉरेन फील्ड’ (२००२) या ग्रंथात केली. वर्ध्यात घडलेल्या घटनेचे महत्त्व कळण्यासाठी मराठी विद्यार्थ्याला इंग्रजी ग्रंथाकडे जावे लागते, ही नुसती गैरसोय नाही. आपली सामग्री कोणती हे ओळखण्यातच मराठी समीक्षा कमी पडली, असा त्याचा अर्थ आहे.

३

गुहा यांच्या त्याच ग्रंथामागे एक मराठी पुस्तक उभे आहे : पी. विठ्ठल यांचे ‘माझे क्रीडा-जीवन’. प्रकाशनवर्ष १९४८. पी. विठ्ठल म्हणजे विठ्ठल पालवणकर, थोर डावखुरे गोलंदाज बाळू पालवणकर यांचे धाकटे बंधू. चांभार समाजातील या चार भावांनी, बाळू, शिवराम, गणपत आणि विठ्ठल यांनी, विसाव्या शतकाच्या आरंभीचे हिंदू क्रिकेट पेलून धरले. पुण्यात बाळूंना चेंडू टाकण्यासाठी संघात घेतले जाई, आणि चहा मात्र बाहेर, वेगळ्या भांड्यात दिला जाई. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांच्या वाट्याला आले नाही. ते १९२३ मध्ये विठ्ठल यांना मिळाले आणि त्या वर्षी हिंदूंनी स्पर्धा जिंकली. वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर जमनालाल बजाज यांनी अस्पृश्यांसाठी खुले केले ते त्यानंतर पाच वर्षांनी, १९२८ मध्ये. पुढे बाळूंनी पुणे कराराच्या वाटाघाटींत भाग घेतला, आणि १९३७ च्या निवडणुकीत मुंबईत काँग्रेसच्या बाजूने ते डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहून पराभूत झाले. मैदान, मंदिर आणि मतपेटी या तीन प्रवेशांचा हा गुंतागुंतीचा इतिहास आहे, आणि त्यातील एका नायकाने स्वतःच्या हयातीत, मराठीत, स्वतःच्या नावावर पुस्तक लिहून ठेवले आहे.

दलित आत्मकथनाची प्रचलित मांडणी ‘बलुतं’ (१९७८) पासून सुरू होते आणि ‘आठवणींचे पक्षी’, ‘उपरा’ अशा क्रमाने पुढे जाते. या परंपरेचे महत्त्व वादातीत आहे. परंतु ‘बलुतं’च्या तीस वर्षे आधी एका अस्पृश्य मानल्या गेलेल्या पुरुषाने आपले सार्वजनिक जीवन गद्यात मांडले होते, ही गोष्ट त्या मांडणीत का येत नाही? त्या पुस्तकाची जाणीव दलित जाणीव नाही, ते यशस्वी खेळाडूचे कथन आहे, असे उत्तर देता येईल. ते उत्तर बरोबरही असू शकेल. पण पुस्तक वाचून, त्याची चिकित्सा करून ते दिलेले असावे लागेल. जातीविषयी हे कथन कोठे बोलते आणि कोठे धावसंख्येच्या आड थांबते? निवेदकाचा ‘मी’ संघाच्या ‘आम्ही’त कितपत विरतो? ज्या वाचकाला उद्देशून ते लिहिले आहे त्याच्यासमोर अपमान सांगणे शक्य होते का, की पराक्रम सांगणे हाच अपमानाला दिलेला एकमेव सभ्य प्रतिसाद होता? आत्मकथनाच्या सिद्धान्तनासाठी याहून समर्पक प्रश्न शोधूनही सापडणार नाहीत. ते विचारले गेले नाहीत, कारण शीर्षकात ‘क्रीडा’ हा शब्द होता.

इथे अमेरिकेतील बेसबॉलशी तुलना अपरिहार्य ठरते. १५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून खेळले, आणि विसाव्या शतकातील मुख्य बेसबॉल संघांची वर्णबंदी मोडली. त्यांचे पहिले आत्मकथन, कृष्णवर्णीय क्रीडापत्रकार वेंडेल स्मिथ यांच्या सहकार्याने लिहिलेले, १९४८ मध्ये प्रसिद्ध झाले, म्हणजे विठ्ठल यांचे पुस्तक निघाले त्याच वर्षी. दोन्ही पुस्तकांचा पुढचा प्रवास पाहण्यासारखा आहे. रॉबिन्सन यांनी १९७२ मध्ये आपले जीवन पुन्हा, अधिक कठोरपणे सांगितले, १९८३ मध्ये ज्यूल्स टायगेल या इतिहासकाराने त्या ‘प्रयोगा’चा सविस्तर अभ्यास केला, १९९७ मध्ये अर्नोल्ड रॅम्परसॅड यांनी रॉबिन्सन यांचे मोठे चरित्र लिहिले. हे रॅम्परसॅड साहित्याचे प्राध्यापक आणि कवी लँग्स्टन ह्यूज यांचे चरित्रकार. कृष्णवर्णीयांच्या कवितेचा अभ्यासक त्यांच्या बेसबॉलकडे वळतो, यात तेथे कोणालाही विषयांतर वाटले नाही. दलित कवितेचा मराठी अभ्यासक पालवणकर बंधूंकडे वळला असता, तर त्याच्या मार्गदर्शकाने त्याला पहिला प्रश्न विचारला असता : ‘हा विषय साहित्याचा आहे का?’

४

या प्रश्नामागे जे आक्षेप दडलेले असतात ते एकेक करून तपासले पाहिजेत.

पहिला आक्षेप रूपवाद्यांचा. क्रीडालेखन माहितीपर आहे, त्याला स्वायत्त कलाकृतीचे रूप नाही. याउलट बोधवादी परंपरा, मग ती गांधीवादी असो वा अन्य सामाजिक बांधिलकीची, खेळाला फुरसतीचा विषय मानते. शरीराला प्रतिष्ठा आहे ती श्रमाची. खेळणारे शरीर तिला काहीसे उधळे वाटते. म्हणजे एका पक्षाला क्रीडाग्रंथ पुरेसा निरुपयोगी वाटत नाही आणि दुसऱ्याला तो पुरेसा उपयुक्त वाटत नाही. एरवी कोणत्याही मुद्द्यावर न जुळणारे हे दोन पक्ष क्रीडाग्रंथाला दाराबाहेर ठेवण्यात मात्र एकत्र येतात. यातील विसंगती अशी की साहित्यशास्त्राच्या वर्गात क्रीडासिद्धान्त मोठ्या गांभीर्याने शिकवला जातो. शिलर यांची क्रीडाप्रेरणा आणि हुइझिंगा यांचा ‘होमो लुडेन्स’ (१९३८) यांची नावे परीक्षेच्या उत्तरांत असतात. कला ही क्रीडा आहे हे ज्यांना मान्य आहे, त्यांनी क्रीडेविषयीचे एक तरी पुस्तक कलेच्या अंगाने वाचून पाहण्यास हरकत नसावी. सी. एल. आर. जेम्स यांनी ‘बियाँड अ बाउंडरी’ (१९६३) मध्ये क्रिकेट ही कला आहे काय, हा प्रश्न सौंदर्यशास्त्राच्या परिभाषेत उपस्थित केला. जेम्स मार्क्सवादी होते. मराठीतील मार्क्सवादी समीक्षेने लुकाच आणि ग्राम्शी ज्या निष्ठेने उद्धृत केले, त्या निष्ठेने जेम्स उद्धृत केल्याचे दिसत नाही.

दुसरा आक्षेप देशीवादी : क्रिकेट हा वसाहतीचा खेळ, त्याचे वाङ्मय हे नागर, मध्यमवर्गीय अनुकरण. या आक्षेपाला मराठी भाषाच उत्तर देते. ‘गोलंदाज’ हा शब्द तोफखान्यातून मैदानावर आला. त्याच्या वजनावर ‘फलंदाज’ घडला. ‘षटक’, ‘यष्टी’, ‘पायचीत’, ‘त्रिफळा’ यांनी एक परकी क्रिया मराठी वाक्यात अशी बसवली की आज त्या शब्दांचे घडवणे कोणाच्या लक्षातही येत नाही. आकाशवाणीवरील बाळ ज. पंडित यांचे मराठी समालोचन हा बोलीच्या गतीत घडणाऱ्या कथनाचा एक विलक्षण प्रयोग होता. अर्जुन अप्पादुराई यांनी ‘मॉडर्निटी ॲट लार्ज’ (१९९६) या ग्रंथात क्रिकेटच्या देशीकरणाची चर्चा केली, तेव्हा त्यांनी मराठी समालोचन आणि मराठी क्रिकेट-नियतकालिके हीच सामग्री समोर ठेवली. देशीकरणाचा सिद्धान्त मराठी क्रीडालेखनाच्या आधारे शिकागोच्या विद्यापीठात मांडला जातो आणि देशीवादाच्या मायभूमीत ते लेखन रद्दीत जाते, हा विरोधाभास देशीवाद्यांनीच उलगडून दाखवावा.

शिवाय क्रिकेट बाजूला ठेवले तरी प्रश्न सुटत नाही. देशी खेळांच्या ग्रंथांना तरी देशीवादाने कोठे जवळ केले? द. चिं. मुजुमदार यांनी बडोद्याहून संपादित केलेला दहा खंडांचा ‘व्यायाम ज्ञानकोश’ हा आखाडे, मल्लविद्या, मैदानी खेळ यांच्या परिभाषेचा केवढा साठा आहे! वर्ध्याच्या शेजारच्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. कबड्डी, खो-खो, आट्यापाट्या यांविषयीच्या पुस्तिका विदर्भात अनेकांनी लिहिल्या असताना त्या कोणत्याही वाङ्मयसूचीच्या मुख्य प्रवाहात येत नाहीत. तुकोबांच्या गाथेत चेंडूफळी, विटीदांडू, हमामा, हुंबरी यांवर अभंगांची प्रकरणेच आहेत. मराठी गद्याचा आद्य ग्रंथ स्वतःला ‘लीळा’ म्हणवतो, आणि ऋद्धिपूरच्या गोविंदप्रभूंचे चरित्र तर खेळण्याने भरलेले आहे. ज्या परंपरेने परमतत्त्वालाच खेळताना पाहिले, तिच्या समीक्षेने खेळाला हलके मानावे, हे परंपरेचे नव्हे, व्हिक्टोरियन अभिरुचीचे लक्षण आहे.

तिसरा आक्षेप कर्तृत्वाचा. खेळाडूंची आत्मचरित्रे दुसऱ्या कोणीतरी ‘शब्दांकित’ केलेली असतात, तेव्हा त्यांचा लेखक कोणाला मानायचे? १९९० नंतर विद्यापीठीय चर्चासत्रांतून ‘लेखकाचा मृत्यू’ उत्साहाने साजरा करणाऱ्या समीक्षेला हा प्रश्न अडचणीचा वाटावा याचे नवल वाटते. ज्याचे शरीर बोलते तो एक आणि ज्याची भाषा बोलते तो दुसरा, अशी दुहेरी कर्तृत्वाची संहिता प्रत्यक्ष हातात असताना ती टाळायची आणि कर्तृत्वाच्या विसर्जनाविषयी फ्रेंच उदाहरणे द्यायची, हा सिद्धान्ताचा वापर नव्हे. ती सिद्धान्ताची हौस आहे.

चौथा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, आणि तो मान्य केला पाहिजे : मराठी क्रीडाग्रंथांचा बराच भाग खरोखरच सामान्य आहे. आठवणींचा गहिवर, नायकपूजा, साल-तारखांची ढिलाई, इंग्रजी आत्मचरित्रांचे घाईघाईने केलेले अनुवाद, सूची आणि संदर्भ यांचा अभाव हे दोष डोळ्यांत भरतात. परंतु हे दोष उपेक्षेचे कारण म्हणून पुढे करताना ते उपेक्षेचे फलितही आहेत, हे विसरले जाते. ज्या प्रकाराला परीक्षक नाही त्याला कसोटी नाही. चुकीची धावसंख्या देणाऱ्या चरित्राला कोणी हटकले नाही की पुढचे चरित्र ती चूक प्रमाण मानते; सदरांचे संकलन आणि सलग ग्रंथ यांत भेद करणारा कोणी नसला की प्रकाशक संकलनेच काढतो. उत्तम पुस्तक आणि फुटकळ पुस्तक एकाच फळीवर, एकाच ‘वाचनीय’ या विशेषणाखाली विसावतात.

५

नव्या ग्रंथांचा सातत्याने मागोवा घेणे ही समीक्षेची प्राथमिक जबाबदारी आहे. अमेरिकेत बेसबॉलचा हंगाम वसंतात सुरू होतो, त्याच सुमारास नवे ग्रंथ येतात आणि त्यांचे वाचक त्यांची वाट पाहत असतात. १९७१ मध्ये बेसबॉलच्या संशोधकांची संस्था निघाली. १९८३ पासून एक छोटे साहित्यिक नियतकालिक वर्षातील उत्तम बेसबॉल-ग्रंथाला पुरस्कार देत आले आहे. मॅलमूड (‘द नॅचरल’, १९५२), कूव्हर आणि रॉथ यांनी या खेळावर कादंबऱ्या लिहिल्या. रॉजर एंजल ‘न्यू यॉर्कर’सारख्या साप्ताहिकात दशकानुदशके त्यावर लिहीत राहिले. यात सारेच अनुकरणीय आहे असे नव्हे. हरवलेल्या कुरणाच्या आठवणीने व्याकूळ होणारे पुष्कळ गोड गद्य तेथेही निर्माण झाले. परंतु त्या गोडव्याची झाडाझडती घेणारे अभ्यासकही तेथेच निर्माण झाले, कारण ग्रंथ वाचले जात होते, एकमेकांशी ताडून पाहिले जात होते आणि परीक्षणाला परीक्षण उत्तर देत होते. बेसबॉलमध्ये अंगभूत अशी कोणतीही वाङ्मयीनता नाही. ती वाचनाच्या सातत्याने निर्माण केली.

मराठीत असे सातत्य निर्माण करण्यासाठी फार मोठ्या योजनेची गरज नाही. ग्रंथालयांच्या दशांश वर्गीकरणात मराठी साहित्य ८९१.४६ या क्रमांकाखाली येते, आणि क्रिकेट ७९६.३५८ खाली, बेसबॉल त्याच्या शेजारी, ७९६.३५७ खाली. लक्षात घेण्याजोगे असे की सातशेचा तो संपूर्ण वर्ग कलांचा आहे. ग्रंथपालाने खेळाला चित्र, शिल्प आणि संगीत यांच्या पंक्तीला केव्हाच बसवले. पंक्तिभेद केला तो समीक्षकाने. मराठी विषयाचा संशोधक विद्यार्थी आठशेच्या कपाटांपुढे उभा राहतो, आणि खेळाडूचे आत्मचरित्र काही पावलांवर असूनही त्याच्या दृष्टीस पडत नाही. त्याला त्या कपाटापर्यंत नेणे हे अध्यापकाचे काम आहे. वर्धा, अमरावती, नागपूर या पट्ट्यातील महाविद्यालयांनी क्रीडाविषयक मराठी ग्रंथांची वर्णनात्मक सूची करणे, पंचरंगी सामन्यांवरील मराठी वृत्तपत्रीय वादांचे संकलन करणे, ‘माझे क्रीडा-जीवन’ची चिकित्सक प्रस्तावनेसह आवृत्ती सिद्ध करणे, ही पदव्युत्तर पातळीवर सहज हाती घेता येण्याजोगी कामे आहेत. वाङ्मयीन नियतकालिकांनी वर्षातून एकदा तरी त्या वर्षीच्या क्रीडाग्रंथांचा एकत्रित आणि निर्भीड आढावा घ्यावा.

हे झाले नाही तर क्रीडाग्रंथांचे फारसे बिघडणार नाही. त्यांचा वाचक समीक्षेच्या परवानगीची वाट पाहत बसलेला नाही. बिघडेल ते समीक्षेचे. करमरकर, कणेकर आणि संझगिरी हे तिघेही २०२३ ते २०२५ या काळात निवर्तले, आणि मराठी क्रीडालेखनाचे एक पर्व संपले. मृत्युलेख पुष्कळ आले. त्यांच्या गद्याचे विश्लेषण करणारा, त्यातील बळ आणि उणिवा सोदाहरण दाखवणारा विस्तृत अभ्यास अद्याप लिहिला जायचा आहे. पी. विठ्ठल यांच्या पुस्तकाला चोपन्न वर्षांनी एक इंग्रजी इतिहासकार भेटला. या पुढच्या पिढीच्या पुस्तकांना मराठी वाचक-समीक्षक भेटतो की तीही कोणा परभाषिक संशोधकाची वाट पाहत राहतात, याचे उत्तर आज मराठीच्या वर्गात बसलेल्या विद्यार्थ्यांच्या प्रबंधविषयांवरून मिळेल.